वारो छे

आपल्याला गुजराती येते, असं फक्त चिंधाआबांनाच वाटायचं. अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला येऊन त्यांना बत्तीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत भाषेचा एकच नियम त्यांनी शोधून काढला होता. मराठी शब्दाच्या शेपटीला ओ चिकटवायचा. घोडा म्हणजे घोडो, दरवाजा म्हणजे दरवाजो, रस्ता म्हणजे रस्तो. दहातल्या आठ वेळा हा नियम बिनबोभाट चालायचा आणि उरलेल्या दोन वेळा समोरचा माणूस हसून समजून घ्यायचा. त्यांची सून वर्षा नवागामच्या गुजराती शाळेत शिकलेली. आबा फोनवर बोलायला लागले की ती ओढणी तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळायची. आबांना वाटायचं, सून आपला मान राखते.

कोसाडच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर त्यांची दीड खोली होती. भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी त्या घड्याळाची गोष्ट ऐकावी लागायची. आबा तेव्हा शेठच्या कारखान्यातून मोटारसायकलवर कापडाची पोटली पोचवायचं काम करायचे. बावीस वर्षांपूर्वी असंच एक पोटलं घेऊन तापीच्या पुलावरून येत होते. पोटल्यात जाळीच्या ओढण्या होत्या. वाऱ्याने त्यांना उचलून कठड्यावर आपटलं, गुडघा गाडी आणि कठडा यांच्या मधे सापडून त्याचा चुरा झाला, पोटलं कठड्यापलीकडे पाण्यावर लोंबकळायला लागलं. पण आबांनी दोरी हाताला गुंडाळून धरली होती, ती सोडली नाही. लोक धावून येईपर्यंत धरून ठेवली. शेठचा एकही नग भिजला नाही. शेठ दवाखान्यात आला आणि चार माणसांत म्हणाला, "आ माणस नथी, सोनुं छे." दिवाळीला त्याने ते घड्याळ दिलं. आबांचा उजवा पाय तेव्हापासून वाकत नाही, पण घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतं.

त्यांचा मुलगा कुंदन या गोष्टीवरच वाढला. लहानपणी तो उशी दोरीने बांधून पलंगाच्या कडेला लोंबकळत ठेवायचा आणि म्हणायचा, "मी आबा शे." तेव्हा सगळे हसायचे, आणि आबा तर जरा जास्तच हसायचे.

मोटारसायकल त्याला आबांनीच शिकवली. पाय गेला तरी अक्कल गेली नव्हती, आणि वाऱ्याच्या बाबतीत तर ती पायाच्या मोलाने आलेली होती. नदीवर वारा आडवा येतो, त्याच्याशी भांडायचं नाही. हँडल मुठीत आवळायचं नाही, खांदे सैल सोडायचे, गुडघे टाकीला चिकटवायचे. गियर खालचा ठेवायचा. ज्या अंगाने वारा येतो त्या अंगाला अगदी थोडं कलायचं. बस बाजूने गेली की वारा एकदम थांबतो, तेव्हा खूश व्हायचं नाही, कारण बस पुढे गेली की तो दुप्पट जोराने लागतो. हे सगळं झाल्यावर आबा शेवटचा आणि सर्वात मोठा नियम सांगायचे: वारा असला तर गाडी काढायचीच नाही. कारखान्यातच बसायचं, वारा पडला की निघायचं. घरात हा नियम इतका पक्का होता की पुढचं काही बोलावंच लागायचं नाही. "वारा शे" एवढं म्हटलं की कुंदन चप्पल काढून परत बसायचा.

मे महिन्यातली ती दुपार. समुद्रात कुठेतरी वादळ होतं, ते किनाऱ्याला लागणार नाही असं सकाळी फोनवर दाखवत होते. सुरतेला नुसती त्याची झुळूक लागेल, म्हणे. सकाळी साडेसातला कुंदन गाडीवरून तापीपलीकडे उधन्याला कामावर गेला तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं. एक वाजता समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडून खाली उभ्या रिक्षावर पडलं. मग कुणाचा तरी पत्रा गेला. रस्त्यावरची सगळी धूळ वर चढून चौथ्या मजल्यावर आली.

"वावधन उठनं," उषाबाई खाटेवरून म्हणाल्या. आबांची बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांना आता माणसं सावलीसारखी दिसायची, पण कान घारीच्या डोळ्यांइतके तिखट झाले होते. "कुंदनले सांगी द्या, निंघू नको म्हणा."

आबांनी कुंदनला फोन लावला. तो उचलला गेला नाही, आणि जाणारही नव्हता. एम्ब्रॉयडरीच्या त्या कारखान्यात कारागिरांचे फोन दारातल्या पेटीत ठेवून घेत, कारण मशीन चालू असताना डोळा हलला की साडीची साडी वाया जाते. अडीअडचणीला मशीनांवर देखरेख करणाऱ्या मगनभाई मास्तरचा नंबर होता. आबांनी तो लावला.

मगनभाईने उचलला, पण त्याच्या मागे वीस मशीनं एकदम धडधडत होती. आबांनी पोटापासून आवाज काढला. सुनेच्या शाळेतली गुजराती झक मारेल असं वाक्य त्यांनी जुळवलं होतं.

"मगनभाई, हुं चिंधा. कुंदनने कहेजो, वारो छे."

"शुं?"

"वारो. वारो छे."

"वारो आवी गयो? अरे सारुं, सारुं! हमणां ज कही दउं छुं," मगनभाई म्हणाला, आत्ताच सांगतो म्हणून, आणि फोन ठेवला.

आबांनी फोन खाटेवर टाकला. "सांगी दिधं," ते म्हणाले आणि पाय लांब करून बसले. त्यांना खरोखर बरं वाटलं. मुलगा वाऱ्याबाहेर आहे, यापेक्षा बापाला दुसरं काय हवं असतं?

वर्षा खाली पाणी भरायला गेली होती ती वीस मिनिटांनी वर आली. केसांत, भुवयांत सगळीकडे धूळ. हंडा ठेवता ठेवता तिने विचारलं, "यांना फोन केला का?"

"मगनभाईले सांगं."

"काय सांगितलं?"

आबांनी मोठ्या अभिमानाने आपलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर्षा या वेळी स्वयंपाकघरात पळाली नाही. तिने ओढणीही तोंडाला लावली नाही.

"आबा," ती हळू म्हणाली, "वाऱ्याले ते पवन म्हणतस. वारो म्हणजे नंबर. पाळी."

आबांना आधी कळलंच नाही, आणि मग सगळं एकदमच कळलं.

उषाबाईंचं नाव ट्रस्टच्या दवाखान्याच्या यादीत तीन महिन्यांपासून होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट व्हायचं, पण रांग लांब होती. यादीतलं कुणी ऐनवेळी आलं नाही तर पुढच्याला फोन जायचा, आणि दोन तासांत पोचला नाही तर तोही गेला, त्याच्या पुढचा आला. कुंदनने मगनभाईला सांगूनच ठेवलं होतं: आईचा वारो आला की आबांचा फोन येईल, तेव्हा मला मशीनवरून सोडा. मगनभाई बिचारा भला माणूस. तो तीन महिने या एका शब्दाची वाट बघत होता आणि आज आबांनी तोच त्याच्या कानात ओरडून सांगितला होता.

आबांच्या बोटांना नंबर सापडेना. वर्षाने फोन घेऊन लावला.

"ए तो क्यारनो नीकळी गयो," मगनभाई म्हणाला. तो तर कधीचाच निघाला. "तमे ज कह्युं ने, बानो वारो आवी गयो." वर्षाने त्याला काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग मगनभाई खालच्या आवाजात म्हणाला की अमरोलीला एक पोटलं द्यायचं होतं, जातोच आहेस तर घेऊन जा म्हणून तेही आपण त्याच्यासोबत दिलं. जाळीच्या ओढण्या. वजन काहीच नाही, पण आकाराने मोठं.

"काय व्हयनं?" उषाबाई विचारत होत्या. "कोनी बोलत का नही?"

आबांनी चपलेत पाय घातला. एका पायात चप्पल वर्षाची होती हे त्यांना रिक्षात बसल्यावर दिसलं. वर्षाला त्यांनी सांगितलं होतं, तू हिच्याजवळ थांब आणि त्याला फोन लावत राहा. ती लावत राहिली. गाडीवरचा माणूस फोन उचलत नाही, आणि उचलू नये हेही आबांनीच शिकवलेलं.

रिक्षावाल्याने अमरोलीच्या बाजूला, पुलाच्या तोंडाशी रिक्षा थांबवली. "आगे नहीं जाऊंगा, काका. गाडी उलट जाएगी," तो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. रिक्षा उभ्या उभ्या हलत होती. पुलावरून येणारे मोटारसायकलवाले उतरून गाड्या ढकलत आणत होते. बायका मागे चालत होत्या, पदर कमरेला खोचून. आबा उतरले आणि लोक जिकडून जीव घेऊन येत होते तिकडे निघाले.

त्यांनी प्रत्येकाला विचारलं. निळा शर्ट, काळी गाडी, मागे पोटलं, पाहिला का? कुणाला ऐकू गेलं नाही, कुणी मान हलवली. एक जण थांबून म्हणाला, मधे कुणीतरी पडलंय, पण कोण ते बघायला थांबलो नाही.

आबा कठड्याला धरून चालू लागले. न वाकणारा पाय फेकत, वारा डावीकडून आला की उजवीकडे झोकांडी खात. त्यांना भीती वाटत होती, पण ती वाऱ्याची नव्हती. वाऱ्यात कसं चालवायचं ते कुंदनला त्यांच्यापेक्षाही चांगलं येत होतं. खांदे सैल, गियर खालचा, बसपासून लांब. नुसती गाडी असती तर तो हळूहळू निघून आला असता. भीती होती ती पोटल्याची. हलकं, फुगलेलं पोटलं गाडीच्या मागे बांधलं की वाऱ्याला धरायला हँडलच मिळतं. अशा वेळी करायची गोष्ट एकच: दोरी कापायची, पोटलं जाऊ द्यायचं. हा एक नियम आबांनी पोराला कधीच सांगितला नव्हता. कसा सांगणार? भिंतीवर घड्याळ होतं ना.

आणि त्या घड्याळाखाली बसून बावीस वर्षं ते जे सांगत आले होते, ते खोटं होतं.

खरं काय झालं होतं ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं. दोरी त्यांनी हाताला गुंडाळली नव्हती. पडताना तीच मनगटाभोवती फिरली आणि पोटल्याच्या ओढीने गाठ बसली. कठड्यावर पोट टेकवून, गुडघा चेपलेला असताना, ते दुसऱ्या हाताने ती गाठ सोडवायला बघत होते. दातांनीसुद्धा ओढून बघितली. शेठच्या मालाला, शेठला, शेठच्या बापाला त्यांनी त्या वेळी शिव्या घातल्या. गाठ सुटली नाही एवढंच. लोकांना मागून दिसलं ते असं, की गडी जिवावर उदार होऊन माल धरून आहे. शेठ दवाखान्यात सोनुं म्हणाला, तेव्हा आबा भुलीच्या गुंगीत होते. गुंगी उतरल्यावर खरं सांगायला हवं होतं. पण पाय गेलेला, पोरगं सात वर्षांचं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सोनं म्हटलेलं. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने ज्याचं नाव चिंधा ठेवलं, त्याला ते सोनं खाली ठेववेना.

पुलाच्या मधोमध काळी गाडी आडवी पडली होती. तिच्या पलीकडे, कठड्याला पाठ लावून कुंदन बसला होता. जिवंत होता. आबांना त्या क्षणी दुसरं काही दिसलं नाही, ते तसेच उभे राहून रडले, आणि वाऱ्यामुळे ते कुणाला ऐकू आलं नाही.

मग त्यांना बाकीचं दिसलं. गुडघ्यावरची पँट फाटलेली, गालाला खरचटलेलं. पोटलं मांडीवर आडवं घेऊन उजव्या हाताने कवटाळलेलं. आणि डावा हात दोरीत. मनगटाभोवती तीन वेढे पडलेले, वर पंजा सुजून भलत्याच कोनात वळलेला.

"आबा, तुम्हीन आठे?" कुंदनने वर बघितलं. "मायना वारो चुकना का?"

"नही रे." आबा कसेबसे खाली बसले, पाय समोर ताठ. "वारो नव्हता. मी वारा म्हटलं. वारा शे, निंघू नको, असं म्हटलं मी. मन्ही गुजराती…"

कुंदनला हसूही आलं असावं, पण ते दुखण्यात विरलं. "काही हरकत नही," तो म्हणाला. "हाई देखा. दोरी ढिली व्हई गई व्हती. पोटलं चाली राहिंतं पाण्यात. मंग मी तुम्हीन करेल तसंच करं, हाथले गुंडाळी लिधी. वारानी पोटलं उचललं, हाथ वढाई गया, पडनू. पण सोडी नही." त्याने उजव्या हाताने पोटल्यावर थोपटलं. "एक बी नग भिजना नही, आबा."

हे वाक्य आबांचं होतं. शब्दसुद्धा तेच. पाहुण्यांसमोर हजारदा म्हटलेलं. आज ते समोरून, खरचटलेल्या गालाच्या पोराकडून येत होतं.

कुंदनच्या खिशातला फोन वाजत होता. वर्षा असेल म्हणून आबांनी काढला, तर मगनभाई होता. आबांनी स्पीकर लावला आणि सांगितलं, सापडला, पडलाय, हात मोडलाय बहुतेक. माल शाबूत आहे हेही सांगितलं. मगनभाई पलीकडून जवळजवळ ओरडला.

"मालने शुं करवानुं? पोटलुं नाखी देवुं हतुं ने, गांडा! हुं रिक्षा लईने आवुं छुं."

फोन बंद झाला. कुंदन आबांकडे बघत होता. टाकून द्यायचं होतं, मास्तर म्हणाला. तुम्ही तर असं कधी म्हटला नाहीत. हे तो तोंडाने बोलला नाही, पण आबांना ते वाऱ्यातही स्वच्छ ऐकू आलं.

आबांनी त्याचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोरीची गाठ शोधली. ओढीने ती दगडासारखी बसली होती. नखं लागेनात.

"मी धरी नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"दोरी. मी धरी नव्हती रे. तीच हाथमा अडकनी. मी सोडाले देखी राहिंतू. दातवरी वढी. सुटनीच नही." वारा तोंडात शिरत होता, त्यांना ओरडून सांगावं लागत होतं. बावीस वर्षं लपवलेलं ओरडून सांगायचं. "सुटती तं सोडी देतू मी. शेठना माल गया असता पाण्यात. देखतूबी नही त्याकडे."

एक बस गेली, वारा थांबला, मग दुप्पट जोराने लागला. दोघांचंही अंग नकळत वाऱ्याकडे कललं.

"मंग भितवरलं घड्याय?" कुंदनने विचारलं.

"ते शेठनी दिधं," आबा म्हणाले. "मी लिधं."

ते खाली वाकले, गाठ दातांत धरली आणि ओढली. दोरीला डिझेलची आणि धुळीची चव होती. कुंदन कळवळला. आबांनी पुन्हा ओढली. त्या वेळी सगळे दात होते, आता समोरचे चारच उरले होते, पण या वेळी गाठ हलली. एक वेढा निघाला, मग दुसरा. तिसरा सुटला तसं पोटलं मांडीवरून उतरलं, वाऱ्याने फुगलं आणि पुलावरून गडगडत निघालं.

कुंदनचा उजवा हात झटकन त्याच्यामागे गेला. आबांनी तो हात धरला.